एकाच भुकटीच्या तीन चकत्या

एकाच खलात घोटलेली भुकटी, एकाच साच्यात दाबलेल्या तीन चकत्या, भट्टी एकच आणि तापमानही तेच, ९४० अंश. तिन्ही चकत्या आळीपाळीनं द्रवरूप नायट्रोजनात बुडवल्या. दोघींवर चुंबक ठेवलं तसं बसून राहिलं. तिसरीवर ते दोन-अडीच मिलिमीटर वर उचललं गेलं आणि टिचकी मारल्यावर हवेतल्या हवेत गरगर फिरलं.

या चकत्या अतिसंवाहकाच्या, म्हणजे पुरेसं गार केलं की ज्याचा विजेला होणारा रोध नाहीसा होतो आणि जो चुंबकाला दूर ढकलतो अशा पदार्थाच्या. हे असं का झालं ते शोधायला आम्हाला सात आठवडे लागले. त्यातले तीन माझ्या हट्टापायी वाया गेले, तेही इथे लिहितो आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक मफल भट्टी, एका मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि जुन्या प्रकल्पातून उरलेला स्प्रे पायरोलिसिसचा (द्रावण फवारून पातळ थर बनवायचा) संच, एवढीच आमची श्रीमंती. शेवटच्या वर्षाची तीन मुलं आणि प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणतं, ही आमची टीम.

सुरुवात एलके-९९ मुळे झाली

जुलै २०२३ च्या अखेरीस दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी दावा केला की शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा एलके-९९ नावाचा एक पदार्थ साध्या तापमानाला, साध्या दाबाला अतिसंवाहक होतो. चुंबकावर अर्धवट तिरपा उचलला गेलेला काळा खडा दोन दिवसांत सगळ्यांच्या फोनवर पोचला. घाटंजीकडून एसटीनं येणारा एक मुलगा तास संपल्यावर दारात उभा. "सर, आपणबी करून पाहू ना. शिसं आन् तांबंच तर लागते."

शिसं आणि तांबं एवढ्यावर भागत नाही. ती भुकटी क्वार्ट्झच्या नळीत निर्वात करून, नळीचं तोंड वितळवून बंद करून ९२५ अंशांना भाजायची असते. आमच्याकडे निर्वात पंप म्हणावा असं जे आहे, त्यातून तेल गळतं. त्यातच ऑगस्ट संपण्याआधी जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ करून पाहिला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनंही पाहिला, आणि अतिसंवाहकता काही सापडली नाही. शंभर अंशांच्या थोडं वर रोध एकदम कोसळताना दिसत होता, तो भेसळीत आलेल्या कॉपर सल्फाइडचा प्रताप निघाला. त्या तापमानाला त्याची रचना बदलते.

पोरांचा चेहरा पडला. मी म्हटलं, जो पदार्थ १९८७ पासून जगात कुठेही केला तरी चालतो तो आधी करू. आपल्या हातून तोही झाला नाही, तर कोरियावाल्यांना नावं ठेवायचा आपल्याला अधिकार नाही.

तो पदार्थ म्हणजे वायबीसीओ. एक भाग यिट्रियम, दोन बेरियम, तीन तांबं आणि सातच्या जरा आत ऑक्सिजन. हा 'सातच्या जरा आत' मी वर्गात कितीदा तरी शिकवला होता. शिकवताना त्याकडे लक्ष मात्र एकदाही दिलं नव्हतं.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९११ साली लायडनला कामरलिंग ओनेसना पारा ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, रोध टाकून देतो असं दिसलं. तिथून १९७३ पर्यंत गाडी जेमतेम २३ केल्विनवर पोचली. १९८६ साली बेडनोर्झ आणि म्युलर यांनी झुरिकजवळ तांब्याच्या ऑक्साइडमध्ये तीसच्या वरचं तापमान दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत वू, चू आणि सहकाऱ्यांचा वायबीसीओ ९० च्या पार गेला. नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. म्हणजे तोवर गार करायला लागणारं महागडं हीलियम सुटलं.

नायट्रोजन गाईंच्या वाट्याचा

हीलियम आमच्या तालुक्यात कधी येणार नाही. द्रवरूप नायट्रोजन मात्र वर्षानुवर्षं येतो, आणि तो येतो गाई-म्हशींसाठी. कृत्रिम रेतनाच्या वीर्यकांड्या त्यात बुडवून ठेवाव्या लागतात, म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात गोल पोटाचे, अरुंद मानेचे ते ॲल्युमिनियमचे कंटेनर असतात. डॉक्टरसाहेबांना भेटलो. ते हसले, पण अट घातली: "कांड्यांच्या कंटेनरातला थेंबही देणार नाही. पातळी उतरली की कांड्या गेल्या. गाय उलटली, गाभण राहिली नाही, की शेतकरी मला धरेल, तुमच्या चुंबकाला नाही."

त्यांच्याकडे तीन लिटरचा एक रिकामा कंटेनर पडून होता. पुरवठ्याची गाडी येईल तेव्हा पैसे भरून तो भरून घ्यायचा, असं ठरलं. भरला की आत साधारण २.४ किलो नायट्रोजन. रोज वजन करून पाहिलं तर दिवसाला सव्वाशे-दीडशे ग्रॅम आपोआप उडून जायचा. प्रयोग न करता नुसता ठेवला तरी सोळा ते एकोणीस दिवसांचा खेळ. त्यामुळे आमचं सगळं वेळापत्रक त्या गाडीच्या तारखेला बांधलं गेलं. चाचणी फसली की पुढच्या गाडीची वाट पाहा.

पहिल्या दिवशी चकती ठेवायला भांडं काय घ्यावं यावर चर्चा झाली. एका पोरानं पळसाच्या पानांचा द्रोण आणला. नायट्रोजन ओतल्यावर द्रोण क्षणात पापडासारखा कडक झाला, टाचणीनं टोचलं तर कोपरा तुटून टेबलावर पडला आणि बाकीचा नायट्रोजन शिवणीतून पळाला. शेवटी थर्माकोलचा पेला कापून घेतला. चुंबक म्हणजे बिघडलेल्या हेडफोनमधली निओडिमियमची टिकली.

भुकटी

दहा ग्रॅमच्या घाण्याला यिट्रियम ऑक्साइड १.५१ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ५.२९ ग्रॅम आणि कॉपर ऑक्साइड ३.२० ग्रॅम. बेरियम कार्बोनेट उंदरांच्या औषधात वापरलं जायचं, पोटातल्या आम्लात ते विरघळतं. म्हणून हातमोजे, मास्क, आणि जेवणाचे डबे बाहेर. या एका बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही.

अगेटच्या खलात तासभर घोटायचं, ९१० अंशांना बारा तास भाजायचं, गार झालं की पुन्हा घोटायचं, पुन्हा भाजायचं. असं तीनदा. बारा तास सलग लाईन मिळणं ही आमच्याकडे चैन आहे, म्हणून भाजणं तुकड्यातुकड्यानं व्हायचं. त्यानं फार बिघडत नाही, कारण प्रत्येक वेळी भुकटी पुन्हा घोटलीच जाते. राखाडी भुकटी तिसऱ्या खेपेला कोळशासारखी काळी झाली. केमिस्ट्रीवाल्या मॅडमकडून केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइडच्या) गोळ्या दाबायचा प्रेस आणि १३ मिलिमीटरचा साचा उसना घेतला. एका घाण्यात तीन चकत्या बसल्या, प्रत्येकी चार मिलिमीटरच्या वर जाड.

तिन्ही एकदम भट्टीत घालायचं धाडस झालं नाही. लाईन गेली तर तिन्ही एकदम जातील, या भीतीनं एकेक करून भाजल्या. हा निर्णय भीतीपोटी घेतलेला, पण सगळं उत्तर त्याच्याच पोटातून निघालं.

पहिली चकती सोमवारी. ९४० अंशांना दहा तास झाल्यावर लाईन गेली. मुलांना दम नव्हता. ७०० अंशांच्या आसपास दार उघडलं, सांडशीनं चकती काढली आणि विटेवर ठेवली.

दुसरी बुधवारी. लाईन टिकली, भाजणं पुरं झालं. पण पाचला कॉलेज बंद होतं आणि गरम भट्टी ठेवून जायचं नाही असा आमच्याकडे दंडक आहे. मामांनी दार सताड उघडून पंखा लावला.

तिसरी शनिवारी. संध्याकाळी साडेचारला लाईन गेली, बाहेर आभाळ भरून आलं होतं, सगळे एसटी पकडायला पळाले. जाताना मामांनी मेन स्विच पाडला आणि दार तसंच बंद राहिलं. चकती सोमवारी निघाली.

चुंबक उभं राहिलं ते हिच्यावर. पोरांनी निष्कर्ष काढून टाकला: "सर, लाईन जाणं चांगलं असते."

माझे तीन आठवडे

पहिल्या चकतीच्या काठाला मला भिंगातून हिरवट कण दिसले. वायबीसीओचा एक शेजारी आहे, त्यात यिट्रियम दोन, बेरियम एक, तांबं एक असतं. तो हिरवा असतो आणि अतिसंवाहक नसतो. १००० अंशांच्या थोडं वर गेलं की वायबीसीओ फुटतो आणि हा हिरवा बाहेर येतो. ओल लागली तरी त्याचं विघटन होऊन असंच काहीसं होतं. दिवस सप्टेंबरचे, बाहेर पाऊस. मी ठरवूनच टाकलं: एकतर भट्टी खोटं तापमान दाखवते, नाहीतर भुकटीला ओल लागली.

तापमान तपासायला सोनाराकडून शुद्ध चांदीच्या तारेचा तुकडा आणला. चांदी ९६२ अंशांना वितळते, हवेत ऑक्सिजन शोषून घेते म्हणून थोडी आधीच. आकडा ९४० दाखवत असताना तार तशीच होती. ९७० ला तिचा मणी झाला. म्हणजे भट्टी खरं बोलत होती. दीडदोन सेंटिमीटर तारेत झालेली ही तपासणी मला अजून आवडते.

मग ओल. सगळी रसायनं पुन्हा वाळवली, नवा घाणा घोटायला घेतला, पुन्हा तीन भाजण्या. यात तीन आठवडे गेले. नव्या घाण्याची पहिली चकती बुधवारी भाजली, पाचला पंखा लावून गार केली, आणि चुंबक पुन्हा ढिम्म. हिरवे कण होते, पण चिमूटभर. तेवढ्यानं अख्खी चकती मरत नाही. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, कारण तिसरीच्या काठालाही तसेच दोन कण होते. ज्यावर चुंबक तरंगतं तिच्यातला दोष कुणी शोधत नाही, मीही शोधला नव्हता.

वहीतला रकाना

आमच्या तिघांत एक मुलगी आहे, जी सगळं लिहून ठेवते. हवेतला दमटपणा, लाईन गेल्याची वेळ, कोण कधी आलं, सगळं. तिनं प्रत्येक चकतीचं दाबल्यावरचं आणि भाजल्यावरचं वजन लिहिलं होतं, मी सांगितलं नसताना. पहिली: २.८७१ ग्रॅम, भाजल्यावर २.८४४. दुसरी: २.८६८, भाजल्यावर २.८४०. शेजारी शेरा: "काठ झडला असेल." तिसरी: २.८६४, भाजल्यावर २.८७१.

तिसरीपुढे शेरा नव्हता, नुसतं प्रश्नचिन्ह. काठ झडून वजन घटेल, पण वाढेल कसं? भट्टीत वरून काही पडलं म्हणावं तर चकती स्वच्छ.

वही टेबलावर उघडी पडली होती. मामा बाजूला चहा ओतत होते. मामांचे वडील मडकी घडवायचे. ते सहज बोलले, "आमचे बाबा आवा गरम असताना कोणाले हात लावू देत नव्हते. तुम्ही तर लालभडक काढून बाहेर ठेवता."

मी म्हटलं, ते तडा जातो म्हणून.

"तडा जातेच. पण रंगही जाते ना सर. हवा कोंडली त मडकं काळं निंगते, हवा खेळली त लाल. माती तेच."

त्यांच्या बोलण्यातलं पहिलं कारण आमचं नव्हतं, दुसरं मात्र अगदी आमचंच होतं. माती तीच, भट्टी तीच, मधे ऑक्सिजन किती मिळाला त्यावर काय निघतं ते ठरतं. मी वही ओढली आणि अणुभार मांडले.

वायबीसीओच्या एका सूत्रात ऑक्सिजन सहापासून सातपर्यंत कितीही असू शकतो. सहा असताना सूत्राचा भार ६५०.२, सात असताना ६६६.२. म्हणजे पूर्ण ऑक्सिजन भरलेली चकती रिकामीपेक्षा जवळपास अडीच टक्के जड. तीन ग्रॅमच्या चकतीत हा फरक सत्तर मिलिग्रॅमच्या आसपास जातो, आणि आमचा काटा एक मिलिग्रॅम दाखवतो. काठ झडलाच नव्हता. पहिल्या दोघींतून ऑक्सिजन निघून गेला होता, तिसरीनं तो परत घेतला होता.

ऑक्सिजन कधी घेते, कधी सोडते

९४० अंशांना वायबीसीओ ऑक्सिजन धरून ठेवत नाही, साडेसहाच्या खाली उतरतो. त्या वेळी त्याच्या स्फटिकाच्या तळाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. भट्टी गार होऊ लागली की तो हवेतून ऑक्सिजन परत ओढतो आणि सातशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान एक बाजू दुसरीपेक्षा थोडी लांब होते. ऑक्सिजन आत येऊन तांब्याच्या अणूंसोबत साखळ्या मांडतो, म्हणून. या साखळ्या स्वतः मोठं काही करत नाहीत. त्या शेजारच्या तांबं-ऑक्सिजनच्या पातळ्यांतून, म्हणजे अणूंच्या सपाट थरांतून, इलेक्ट्रॉन ओढून घेतात, आणि अतिसंवाहकता त्या पातळ्यांत घडते. ऑक्सिजन सहाला असेल तर पदार्थ चक्क विद्युतरोधक. ६.९ च्या पुढे गेला की ९० केल्विन. मधे ६.६ च्या आसपास तो अतिसंवाहक असतो, पण साठेक केल्विनला. तेवढं थंड आमच्याकडे काही नाही, नायट्रोजन ७७ वरच अडतो. म्हणजे एखादी चकती अर्धवट भरलेली असली तरी आमच्या टेबलावर ती मेलेलीच दिसणार.

अडचण वेगाची आहे. गरम असताना ऑक्सिजन पदार्थात भराभर फिरतो पण टिकत नाही. तीनशेच्या खाली तो टिकेल, पण आत शिरायला त्याचा पायच उचलत नाही. कामाची खिडकी ४०० ते ५०० अंशांची. त्या खिडकीतून आमच्या पहिल्या दोन चकत्या काही मिनिटांत खाली घसरल्या होत्या. तिसरी, दार बंद असल्यामुळे, तिथे रेंगाळली. लाईन जाण्याचं भाग्य कसलं आलंय त्यात.

पडताळा सोपा होता: मेलेली चकती पुन्हा उठवून दाखवायची. दुसरी घेतली, २.८४० वाली. ऑक्सिजन आणला गावातल्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानातून, छोटा सिलिंडर. एका मुलाच्या घरी कोरोनाच्या काळात घेतलेला फ्लोमीटर होता. त्याच्या खालच्या बाटलीत रुग्णाच्या श्वासाला ओलावा मिळावा म्हणून पाणी भरायचं असतं. पोरानं सवयीनं पाणी भरूनच आणला. आम्हाला नेमकं उलटं हवं होतं. पाणी ओतलं, बाटली वाळवली, तिच्यात सिलिका जेल भरलं. जोडाला तेल-ग्रीस लावायचं नाही हे वेल्डिंगवाल्या भाऊनं दोनदा बजावलं, आणि ते बरोबरच आहे. ऑक्सिजनच्या वाटेवर तेल असलं की पेट घेतं.

भट्टीच्या मागच्या भोकातून सिरॅमिकची नळी, आत ४५० अंश, चोवीस तास. सबस्टेशनवर फोन करून शनिवारी दुरुस्तीचं काम नाही याची खात्री केली. तरी रात्री दोनदा लाईन गेली. पण तोवर आम्ही शहाणे झालो होतो: भट्टीच्या पोकळीत आगविटांचे तुकडे ठासून भरले होते, मधे चकतीपुरती जागा. रिकामी भट्टी दार बंद ठेवूनही तासाभरात ५०० च्या खाली यायची. विटा भरल्यावर तिला साडेतीन तास लागू लागले. दहा-वीस मिनिटांच्या खंडाची तिला आता दखलही नव्हती.

सोमवारी चकती काट्यावर ठेवली. २.८७९. एकोणचाळीस मिलिग्रॅम वाढ. गणित केलं तर दर सूत्रामागे सुमारे ०.५६ ऑक्सिजन आत शिरला होता. मग पेला, नायट्रोजन, टिकली. नायट्रोजनाचं उकळणं थांबेपर्यंत कुणी बोललं नाही. टिकली चिमट्यानं वर धरून सोडली तर ती खाली आलीच नाही. घाटंजीवाला एवढंच म्हणाला, "उठली बापा."

पुढे केमिस्ट्रीच्या मॅडमनी आयोडीनच्या टायट्रेशननं ऑक्सिजन मोजून दिला, ६.९ च्या जवळ. नागपूरहून क्ष-किरणांचा अहवाल महिन्यानं आला. पहिल्या चकतीत ४७ अंशांजवळ एकच शिखर होतं, दुसरीत ते फुटून दोन झालेलं. म्हणजे तळाच्या दोन बाजू वेगळ्या झाल्या. काट्यानं जे सांगितलं होतं, तेच.

शून्य म्हणजे किती

चुंबक तरंगणं बघायला छान, पण मुलांनी रोधही मोजला. चकतीवर चांदीच्या पेस्टनं चार तारा चिकटवल्या: बाहेरच्या दोघींतून १०० मिलिअँपिअर प्रवाह, आतल्या दोघींत व्होल्टेज. शेजारी तापमान कळावं म्हणून प्लॅटिनमचा पीटी-१०० बांधला. शून्य अंशांना त्याचा रोध १०० ओहम असतो, नायट्रोजनात सुमारे २०. चकती कंटेनरच्या तोंडातून दोरीनं हळूहळू खाली सोडायची आणि दर मिनिटाला दोन आकडे लिहायचे.

खोलीच्या तापमानाला ३.८ मिलिव्होल्ट. पुढे सरळ रेषेत उतार. पीटी-१०० २६ ओहमच्या जवळ आला, म्हणजे ९० केल्विनच्या आसपास, आणि आकडा गडगडत ०.०६ वर येऊन अडला. मुलं खट्टू. प्रवाहाची दिशा उलटवायला लावली: आकडा पुन्हा ०.०६, आणि चिन्हही तेच. प्रवाह उलटल्यावर जे उलटत नाही ते रोधाचं नव्हेच, तारांच्या जोडांमध्ये तापमानातल्या फरकामुळे आलेलं ते व्होल्टेज. ते वजा केलं तर उरतं आमच्या मीटरच्या नजरेपलीकडचं काहीतरी. वहीत "शून्य" लिहायला मी मना केलं. "मीटरला दिसत नाही इतकं" असं लिहिलं.

पातळ थराचा मोह

इथे थांबायला हवं होतं. पण प्रयोगशाळेत स्प्रे पायरोलिसिसचा संच होता, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतींनी पातळ थर बनवायची केवढी परंपरा आहे हे मुलांनी वाचलं होतं. नायट्रेटांचं द्रावण केलं, यिट्रियम-बेरियम-तांबं एकास दोन, तीन, आणि तापलेल्या काचेच्या स्लाइडवर फवारलं. सुंदर तपकिरी थर आला. पण तो वायबीसीओ व्हायला ९०० अंश लागतात, आणि स्लाइडची काच सहाशेच्या आतच लोळायला लागते. भट्टीतून निघाली ती कुरडई. ॲल्युमिनाच्या पट्टीवर केलं तर थर काळा आला, पण गार करताना रोध वाढतच गेला. बेरियम ॲल्युमिनाशी भांडून संपलं होतं.

थराला आधार कसला द्यायचा, हाच खरा प्रश्न आहे. शेतकऱ्याच्या पोरांना मी तो डवऱ्यानं (कोळप्यानं) समजावला. एका वावरातली तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, दुसऱ्या वावरातल्या तासांशी जुळली तर बैल डवरा घेऊन सरळ पार जातो. धुऱ्यापलीकडे तासं तिरपी असली की डवरा अडतो, पऱ्हाटी तुडवली जाते. वायबीसीओचा प्रत्येक स्फटिककण असंच एक वावर आहे आणि प्रवाह तांबं-ऑक्सिजनच्या पातळ्यांच्या तासांतून चालतो. अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीत प्रवीण चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं की दोन कणांतला कोन वाढला की त्यांच्या हद्दीवरून जाऊ शकणारा प्रवाह झपाट्यानं घटतो. आमची चकती म्हणजे वाटेल तशा पेरलेल्या हजारो वावरांचा ढीग. चौरस सेंटिमीटरला काहीशे अँपिअर गेले तरी पुष्कळ. स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या एकस्फटिकावर, म्हणजे एकाच सलग स्फटिकावर, वाढवलेला चांगला थर ७७ केल्विनला दहा लाखांच्या वर नेतो, कारण त्या स्फटिकातल्या अणूंची वीण ३.९ अँगस्ट्रॉमची आणि वायबीसीओची ३.८ ते ३.९. खालच्या तासांवर वरची तासं आपोआप बसतात.

असे थर बहुधा लेसरनं करतात. टी. वेंकटेसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन कंपनीत १९८७ साली वायबीसीओसाठी ही रीत चालवून दाखवली. वायबीसीओच्याच चकतीवर लेसरचे ठोके मारायचे, उडालेला धूर साडेसातशे-आठशे अंश तापलेल्या स्फटिकावर बसवायचा. आणि मग? मग पेटीत ऑक्सिजन भरायचा आणि हळूहळू गार करायचं, पाचशेच्या आसपास थांबत. थर एकदोनशे नॅनोमीटरचा असतो म्हणून अर्धाएक तास पुरतो, आमच्यासारखे चोवीस लागत नाहीत. मुलांनी हे वाचलं तेव्हा एकमेकांकडे पाहिलं.

माझं मत स्पष्ट आहे: तालुक्याच्या कॉलेजनं या पदार्थाचा थर करण्याच्या मागे लागू नये. एकस्फटिक, लेसर, निर्वात पेटी यातलं काहीच आपल्याकडे नाही, आणि 'काळा थर आला' एवढ्यावर प्रकल्प लिहून मोकळं होण्याचा मोह फार मोठा आहे. मात्र लेसरखाली ठेवायची चकती, जिला ते लोक टार्गेट म्हणतात, ती उत्तम करणं आपल्या आवाक्यात आहे. त्यासाठी १३ मिलिमीटर अपुरे पडतात, इंचभर तरी लागते. लेथवाल्याकडून २५ मिलिमीटरचा साचा करून घेतला. त्यातल्या पहिल्या दोन चकत्या साच्यातून काढतानाच आडव्या चिरल्या. दाब हळू सोडावा लागतो, हे आता वहीत आहे. वहीत आणखी एक रकाना वाढलाय, भट्टी पाचशेवर किती वाजता आली त्याचा. आणि गरम भट्टी ठेवून जायचं नाही हा दंडक प्राचार्यांनी फक्त या भट्टीपुरता शिथिल केला, रात्रीच्या चौकीदाराची सही घेऊन.

तिसरी चकती, जिनं पहिल्यांदा चुंबक उचललं, ती आम्ही कौतुकानं कपाटात उघडी ठेवली होती. पुढच्या पावसाळ्यात तिच्यावर पांढरे ठिपके आले. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड तिला खातात. चुंबक आता तिच्यावर जेमतेम कागदाच्या जाडीइतकं उठतं. दुसरी मात्र सिलिका जेलच्या बाटलीत आहे, अजून ठणठणीत. पहिलीला आम्ही ऑक्सिजन दिलेलाच नाही. तीही तशाच एका बाटलीत आहे, वर चिठ्ठी: "२.८४४ ग्रॅम. तरंगत नाही. भरू नये."